‘टू मेनी ओपन फाइल्स’: सांबा सर्व्हरवर फाइल उघडत नाही, तेव्हा काय तपासावे

पुण्यात नारायण पेठ, सदाशिव पेठ आणि अप्पा बळवंत चौकाच्या आसपास अक्षरजुळणी, पानांची मांडणी आणि छपाईपूर्व कामे करणारी अनेक लहान कार्यालये आहेत. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी कोपऱ्यात एखादा जुना संगणक लिनक्सवर अखंड चालू असतो आणि त्यावर सांबा हा प्रोग्रॅम बसवलेला असतो. कार्यालयातल्या सगळ्या विंडोज संगणकांना एकच सामायिक फोल्डर दिसावे, एवढेच त्याचे काम. वर्षभर तो बिनतक्रार चालतो. मग दिवाळी अंकांचा हंगाम येतो, सगळी यंत्रे सकाळपासून रात्रीपर्यंत चालू राहतात आणि एखाद्या दुपारी कुणाच्या तरी पडद्यावर फाइल उघडेनाशी होते. तिचे नाव, आकार, तारीख सगळे नीट दिसत असते, परवानग्या बरोबर असतात, डिस्कवर भरपूर जागा असते; तरीही ती उघडत नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये (घडामोडींच्या नोंदींच्या फाइलीत) मात्र एक ओळ उमटलेली असते: ‘टू मेनी ओपन फाइल्स’. एकाच वेळी उघड्या ठेवलेल्या फाइलींची संख्या मर्यादेपलीकडे गेली आहे, असा तिचा अर्थ.

या तक्रारीवर जो तो एकच उपाय सांगतो, तो म्हणजे मर्यादेचा आकडा वाढवणे. हा उपाय पुष्कळदा लागू पडतो, पण त्याहून अधिक वेळा तो चुकीच्या जागी केला जातो आणि मग ‘आकडा वाढवला तरी काहीच फरक पडला नाही’ असे ऐकू येते. याचे कारण असे की लिनक्समध्ये अशी मर्यादा एक नसून अनेक आहेत, त्या वेगवेगळ्या ठिकाणी ठरतात, आणि त्यांतली कोणती भरली आहे हे पाहिल्याशिवाय हात घालण्यात अर्थ नसतो. म्हणून या लेखात आधी मर्यादा म्हणजे काय ते पाहू, मग ती कोणी भरली ते शोधण्याची पद्धत पाहू आणि दुरुस्तीकडे त्यानंतरच वळू. कमांड आणि फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टंकण्याच्या खिडकीत, ती रोमन लिपीतच टंकायची आहेत, आणि मी वेगळे सांगितले नसेल तेथे सर्व अक्षरे लहान घ्यावीत.

एखाद्या गर्दीच्या देवळाबाहेरचा चप्पल स्टँड डोळ्यांसमोर आणावा. चपला ठेवल्या की क्रमांकाचा बिल्ला मिळतो, दर्शन झाल्यावर बिल्ला परत देऊन चपला घ्यायच्या, आणि तोच बिल्ला पुढच्या भाविकाच्या हातात जातो. बिल्ले मोजके असतात, त्यामुळे सगळे बिल्ले लोकांच्या खिशात असतील तर फळ्यांवर जागा असूनही नव्या माणसाला थांबावे लागते. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, फाइलींच्या बाबतीत नेमके असेच वागते. एखाद्या प्रोग्रॅमने फाइल उघडायला मागितली की कर्नल त्याला एक क्रमांक देते आणि त्यापुढे वाचणे, लिहिणे, बंद करणे हे सगळे व्यवहार त्या क्रमांकावर चालतात. या क्रमांकाला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. शून्य, एक आणि दोन हे पहिले तीन क्रमांक प्रोग्रॅमच्या इनपुट, आउटपुट आणि त्रुटींच्या संदेशांसाठी आधीच घेतलेले असतात. त्यापुढे प्रत्येक वेळी मोकळ्यांपैकी सर्वांत लहान क्रमांक दिला जातो. फाइल बंद केली की क्रमांक मोकळा होतो, बंद केली नाही तर तो अडकून राहतो.

येथे ‘फाइल’ या शब्दाची व्याप्ती लक्षात घ्यायला हवी, कारण पुष्कळ गोंधळ तेथूनच सुरू होतो. डिस्कवरची फाइल, उघडलेले फोल्डर, नेटवर्कवरची प्रत्येक जोडणी, दोन प्रोग्रॅममधला पाइप, लॉगची फाइल, कुलुपांची नोंद ठेवणारी डेटाबेस फाइल, या प्रत्येकाला एकेक डिस्क्रिप्टर लागतो. त्यामुळे ‘आम्ही तर दहाच फाइली उघडल्या आहेत’ असे कार्यालयातील माणूस अगदी प्रामाणिकपणे सांगत असला, तरी त्याच्या नावावर सर्व्हरवर शेकडो क्रमांक खर्ची पडलेले असू शकतात.

आता मर्यादांकडे वळू. पहिली मर्यादा प्रत्येक प्रोसेसची, म्हणजे चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमची, स्वतंत्र असते आणि तिचे दोन स्तर असतात. सॉफ्ट लिमिट ही प्रत्यक्ष लागू असलेली मर्यादा. हार्ड लिमिट म्हणजे ती सॉफ्ट लिमिट जिथवर वाढवता येते तो शेवटचा टप्पा. प्रोसेस स्वतःची सॉफ्ट लिमिट हार्ड लिमिटपर्यंत आपली आपण वाढवू शकते, पण हार्ड लिमिट ओलांडण्यासाठी विशेष अधिकार लागतो. बहुतेक लिनक्स वितरणांत (लिनक्सच्या डेबियन, उबंटू यांसारख्या तयार संचांत) सॉफ्ट लिमिट १०२४ असते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये एका प्रोसेसला केवळ २० फाइली उघडता येत. त्या मानाने १०२४ मोठा आकडा वाटतो. पण तो अजूनही बदललेला नाही याला कारण आहे. ‘सिलेक्ट’ नावाची एक जुनी सोय अनेक प्रोग्रॅम वापरतात आणि तिच्या रचनेत १०२४ डिस्क्रिप्टरपुरतीच जागा आहे. सॉफ्ट लिमिट सरसकट वाढवली तर असे जुने प्रोग्रॅम १०२३ च्या पुढचा क्रमांक हाती आल्यावर भलत्याच जागी लिहून कोसळू शकतात. म्हणूनच २०१८ च्या अखेरीस, लिनक्सवरच्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडी या व्यवस्थेच्या २४० व्या आवृत्तीने हार्ड लिमिट ५,२४,२८८ पर्यंत नेली, तरी सॉफ्ट लिमिट मात्र जाणीवपूर्वक १०२४ वरच ठेवली. ज्याला अधिक हवे त्याने स्वतः मागून घ्यावे, अशी ही व्यवस्था आहे आणि ती मला योग्य वाटते.

दुसरी मर्यादा संपूर्ण यंत्राची आहे. कर्नल सुरू होताना उपलब्ध मेमरी पाहून एक आकडा ठरवते. एका उघड्या फाइलीमागे ढोबळमानाने एक किलोबाइट धरून मेमरीच्या दहा टक्क्यांपर्यंत जागा या कामासाठी मोजली जाते. आठ जीबी मेमरीच्या यंत्रावर हा आकडा सुमारे आठ लाखांच्या घरात जातो. नव्या सिस्टिमडीने तर ही मर्यादा व्यवहारात काढूनच टाकली आहे. ‘कॅट /प्रॉक/सिस/एफएस/फाइल-एनआर’ ही कमांड दिली की तीन आकडे दिसतात: पहिला सध्या वापरात असलेल्यांचा, दुसरा आता नेहमी शून्यच असतो, आणि तिसरा कमाल मर्यादेचा. नव्या वितरणांवर हा तिसरा आकडा १९ अंकी दिसतो, तेव्हा दचकू नये. लहान कार्यालयात ही दुसरी मर्यादा भरल्याचे उदाहरण क्वचितच सापडते. भरलीच तर लॉगमधला संदेशही वेगळा असतो: ‘टू मेनी ओपन फाइल्स इन सिस्टिम’. शेवटचे दोन शब्द नीट वाचले तर अर्धे निदान तेथेच होते, कारण पहिल्या संदेशात दोष एका प्रोसेसचा असतो आणि दुसऱ्यात साऱ्या यंत्राचा. यंत्राची मर्यादा भरते तेव्हा सांबाच काय, दुसरी कोणतीही सेवा धड चालत नाही आणि नवे लॉगिन करणेही कठीण होऊन बसते.

सांबाची रचना ठाऊक असेल तर पुढचे निदान फार सोपे होते. सांबाचा मुख्य प्रोसेस एसएमबीडी हा प्रत्येक जोडल्या जाणाऱ्या संगणकासाठी स्वतःची एक स्वतंत्र प्रत सुरू करतो. कार्यालयात बारा संगणक असतील तर सर्व्हरवर एसएमबीडीच्या किमान बारा प्रती चाललेल्या असतात, आणि प्रत्येकीची मर्यादा वेगळी मोजली जाते. म्हणून एकाच संगणकावर फाइल उघडत नसेल आणि शेजारच्या टेबलावर तीच फाइल सहज उघडत असेल, तर प्रश्न त्या एका जोडणीच्या मर्यादेचा आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. ‘संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की ठीक होते’ या नेहमीच्या अनुभवाचे कारणही हेच. संगणक बंद झाला की जोडणी तुटते, तिच्यासाठी चाललेला एसएमबीडी संपतो, आणि प्रोसेस संपताच तिने धरून ठेवलेले सगळे डिस्क्रिप्टर कर्नल आपोआप मोकळे करते. आजार बरा झाल्यासारखा वाटतो, पण मोजणी फक्त पुन्हा शून्यापासून सुरू झालेली असते.

सांबाच्या स्वतःच्या मांडणीतही एक मर्यादा आहे. एसएमबी.कॉन्फ या फाइलीत ‘मॅक्स ओपन फाइल्स’ नावाचे एक कलम असते आणि त्याचे मूळ मूल्य १६,३८४ आहे. विंडोज ७ पासूनचे संगणक किमान तेवढी हँडल (उघड्या फाइलींसाठी सर्व्हरकडून मिळणारे बिल्ले) उपलब्ध असतील असे गृहीत धरतात. त्यामुळे कुणी हा आकडा त्याहून कमी लिहिला तरी सांबा तक्रार नोंदवून तो पुन्हा १६,३८४ वर आणतो. ‘टेस्टपार्म’ ही तपासणीची कमांड चालवल्यावर ‘आरलिमिट मॅक्स १०२४ वरून १६,३८४ केले’ अशा अर्थाची ओळ दिसते, ती पाहून अनेकांना तोच बिघाड वाटतो. तो बिघाड नाही. ती कमांड तुमच्या टर्मिनलची १०२४ ही मर्यादा पाहून बोलत असते, चालू असलेल्या सेवेविषयी ती काही सांगत नाही.

एसएमबीडी रूट म्हणून, म्हणजे सर्व अधिकार असलेला वापरकर्ता म्हणून सुरू होतो, त्यामुळे लागणारी मर्यादा तो स्वतःच कर्नलकडून मागून घेतो आणि सामान्य स्थितीत त्याला ती मिळतेही. मग त्रुटी येते कशी? एक तर एखाद्या संगणकाला खरोखरच सोळा हजारांहून अधिक फाइली लागत असतात, नाही तर सांबाला मागितलेली मर्यादा कुणीतरी मिळू दिलेली नसते. दुसऱ्या प्रकारात सांबा आपल्या लॉगमध्ये ‘इतक्या मागितल्या, इतक्याच उपलब्ध’ अशी माहितीची ओळ लिहून ठेवतो. ती ओळ सापडली तर पुढचा शोध पुष्कळच आटोपतो. आणखी एक संदेश लक्षात ठेवावा: ‘आउट ऑफ फाइल स्ट्रक्चर्स’. सांबाने स्वतःसाठी ठरवलेली गणती भरली की तो दिसतो, मग कर्नलकडे काही क्रमांक शिल्लक असले तरीही. दोन्ही वेळी विंडोजच्या बाजूला मात्र ‘सिस्टिम फाइल उघडू शकत नाही’ एवढ्याच अर्थाचा मोघम संदेश पोचू शकतो, आणि माणूस फाइल खराब झाली या समजुतीने बॅकअप शोधायला लागतो. म्हणून विंडोजवरच्या संदेशावर विसंबू नये. सर्व्हरचा लॉग पाहावा.

एका कार्यालयातली तपासणी

नारायण पेठेतल्या एका मांडणी करणाऱ्या कार्यालयातला प्रसंग येथे तपशीलाने सांगतो, कारण त्यात तपासणीची सगळी पद्धत येऊन जाते. जाहिरातींची पाने लावणाऱ्या ताईंची तक्रार अशी होती: ‘अहो, सकाळी सगळं व्यवस्थित उघडतं, पण दुपारनंतर जाहिराती घ्यायला गेलं की उघडतच नाही. बाकी कुणाला काही होत नाही.’ या दोन वाक्यांत दोन धागे होते. बाकी कुणाला होत नाही, म्हणजे मर्यादा प्रोसेसची. दुपारनंतर होते, म्हणजे दिवसभरात काहीतरी साचत जाते.

त्यांचा संगणक त्रुटी दाखवत असतानाच सर्व्हरवर ‘एसएमबीस्टेटस -पी’ ही कमांड दिली. जोडलेल्या प्रत्येक संगणकाचे नाव, वापरकर्ता आणि त्याच्यासाठी चाललेल्या एसएमबीडीचा प्रोसेस क्रमांक तिच्यात दिसतो. ताईंच्या संगणकासमोरचा क्रमांक घेऊन ‘/प्रॉक’ या फोल्डरात त्याच क्रमांकाच्या नावाचे फोल्डर उघडले. त्यात ‘लिमिट्स’ नावाची फाइल असते आणि तिच्यात ‘मॅक्स ओपन फाइल्स’ ही ओळ असते. तेथे सॉफ्ट आणि हार्ड या दोन्ही रकान्यांत ४०९६ होते. १६,३८४ ऐवजी ४०९६ दिसल्यावर सांबाला हवी ती मर्यादा मिळालेली नाही, हे उघड झाले. त्याच फोल्डरात ‘एफडी’ नावाचे आणखी एक फोल्डर असते, त्यात प्रत्येक उघड्या डिस्क्रिप्टरची एक नोंद असते. ‘एलएस’ ने यादी काढून ती ‘डब्ल्यूसी -एल’ कडे सोपवली की संख्या कळते. ती चार हजारांच्या थोडी वर होती. मर्यादेला अगदी टेकलेली.

आता प्रश्न उरला, एवढ्या फाइली कसल्या? ‘एलएस -एल’ ने तीच यादी सविस्तर काढली की प्रत्येक क्रमांक कोणत्या फाइलीकडे निर्देश करतो ते दिसते. पडद्यावरून ओळी सरकू लागल्या आणि त्या जवळजवळ सगळ्या एकाच फोल्डरातल्या निघाल्या. ते फोल्डर फॉन्टचे होते. वर्षानुवर्षे जमवलेले देवनागरीचे जुने फॉन्ट, त्यांची वेगवेगळी वजने, ग्राहकांनी दिलेले इंग्रजी फॉन्ट, असा सगळा साठा सामायिक फोल्डरात होता. इतरांच्या संगणकांवर त्याची स्वतंत्र प्रत होती. ताईंच्या संगणकावर मात्र फॉन्ट सांभाळणारा प्रोग्रॅम तो साठा थेट सर्व्हरवरून वापरात घेत होता. विंडोजने वापरात घेतलेला फॉन्ट काढून घेईपर्यंत त्याची फाइल उघडीच राहते. सकाळी थोडे फॉन्ट, मग प्रत्येक नव्या अंकासोबत आणखी काही, असे करत दुपारपर्यंत साडेतीन हजारांहून अधिक फाइली उघड्या राहत, आणि उरलेल्या जागेत पाने आणि चित्रे बसवायची कसरत सुरू होई.

४०९६ हा आकडा आला कोठून, हेही पाहिले. त्या कार्यालयात सांबा थेट यंत्रावर न चालता एका कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमला बाकी यंत्रापासून वेगळे ठेवणाऱ्या कप्प्यात चालत होता, आणि कंटेनरच्या मांडणीच्या फाइलीत कुणीतरी पूर्वी ‘नोफाइल’ या नावापुढे ४०९६ लिहून ठेवले होते. कंटेनरमधला रूट हा नावाला रूट असतो. हार्ड लिमिट वाढवण्याचा विशेष अधिकार त्याला सहसा दिलेला नसतो. म्हणून सांबाने १६,३८४ मागितले तरी त्याला चार हजारांवरच समाधान मानावे लागले. दुरुस्ती दोन्ही बाजूंनी केली. कंटेनरच्या मांडणीत तो आकडा ३२,७६८ केला, आणि फॉन्टचा साठा ताईंच्या संगणकावर उतरवून प्रोग्रॅमला तिथला पत्ता दिला. यांतली दुसरी दुरुस्ती अधिक महत्त्वाची, असे माझे मत आहे. केवळ आकडा वाढवला असता तरी त्या दिवशी काम सुरू झाले असते, पण फॉन्टसारखी रोज लागणारी आणि क्वचित बदलणारी गोष्ट नेटवर्कवरून उघडी ठेवण्यात वेळही जातो आणि सर्व्हर काही क्षण बंद पडला तरी मांडणीचा प्रोग्रॅम अडखळतो.

फॉन्टशिवाय आणखी काही कारणे वारंवार आढळतात. विंडोजचा संगणक एखादी फाइल बंद केल्यावरही तिचे हँडल काही काळ स्वतःजवळ राखून ठेवतो, म्हणजे ती लगेच पुन्हा लागली तर नव्याने मागावी लागत नाही. लीज नावाच्या या सोयीमुळे माणसाने बंद केलेली फाइल सर्व्हरवर उघडी दिसू शकते. संपूर्ण सामायिक फोल्डर चाळणारे बॅकअपचे आणि शोधसूची करणारे प्रोग्रॅम थोड्या वेळात खूप फाइली उघडतात. टर्मिनल सर्व्हर (अनेक माणसे आपापल्या टेबलावरून एकाच वेळी वापरतात असा संगणक) असेल तर गोष्ट आणखी वेगळी होते: त्यावर पंधरा माणसे काम करत असली तरी सांबाच्या दृष्टीने तो सहसा एकच संगणक असतो, सगळ्यांच्या फाइली एकाच एसएमबीडीच्या खात्यात पडतात, आणि तेथे १६,३८४ चा आकडाही खरोखर अपुरा पडू शकतो. अशा ठिकाणी एसएमबी.कॉन्फमधला आकडा वाढवणे रास्त आहे.

आकडा नेमका कोठे वाढवायचा

सर्वाधिक वेळ वाया जातो तो येथे. बहुतेक लोक ‘/ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.कॉन्फ’ या फाइलीत दोन ओळी लिहितात, यंत्र पुन्हा सुरू करतात, टर्मिनलमध्ये ‘यूलिमिट -एन’ देऊन नवा आकडा पाहतात आणि काम झाले असे समजतात. टर्मिनलमध्ये आकडा खरोखरच वाढलेला असतो. सांबाचा मात्र तसाच राहतो. लिमिट्स.कॉन्फ ही फाइल लॉगिनच्या वेळी पॅम नावाच्या व्यवस्थेकडून वाचली जाते, म्हणजे ती लॉगिन करणाऱ्या माणसासाठी आहे. सांबासारखी सेवा कुणाच्या लॉगिनमधून सुरू होत नाही. तिला सिस्टिमडी सुरू करते, आणि सिस्टिमडी ती फाइल वाचत नाही. याच फाइलीचा आणखी एक बारकावा असा की सर्वांसाठी म्हणून लिहिलेली ताऱ्याची (*) ओळ रूटला लागू होत नाही. रूटसाठी त्याच्या नावाची वेगळी ओळ लिहावी लागते.

सेवेसाठी योग्य जागा म्हणजे सिस्टिमडीचे युनिट, म्हणजे ती सेवा कशी चालवायची हे सांगणारी फाइल. डेबियन आणि उबंटूवर सेवेचे नाव एसएमबीडी असते, फेडोरा आणि रेड हॅटच्या घराण्यात ते एसएमबी असते. ‘सुडो सिस्टिमसीटीएल एडिट एसएमबीडी’ ही कमांड दिली की एक रिकामी फाइल उघडते. मूळ युनिटला हात न लावता तिच्यात आपला बदल वेगळा लिहिता येतो, आणि सांबाची नवी आवृत्ती आली तरी तो पुसला जात नाही. त्यात आधी चौकोनी कंसात ‘सर्व्हिस’ हा शब्द आणि खालच्या ओळीवर ‘लिमिटएनओफाइल’, बरोबरचे चिन्ह आणि हवा तो आकडा, मध्ये जागा न सोडता लिहावा. येथे लहानमोठ्या अक्षरांना महत्त्व आहे: ‘सर्व्हिस’ आणि ‘लिमिट’ यांचे पहिले अक्षर मोठे, आणि त्यापुढची एन-ओ-एफ-आय-एल-ई ही सहाही अक्षरे मोठी. आकडा एसएमबी.कॉन्फमधल्या आकड्यापेक्षा थोडा अधिक ठेवावा, कारण लॉग, डेटाबेस आणि नेटवर्कच्या जोडणीलाही डिस्क्रिप्टर लागतात. त्यानंतर सेवा पुन्हा सुरू करावी. मात्र त्यापूर्वी सगळ्यांना आपापली कामे सेव्ह करून बंद करायला सांगावे, कारण सेवा पुन्हा सुरू होताना चालू जोडण्या तुटतात आणि उघड्या पानावरचे काम हातचे जाऊ शकते.

चालू प्रोसेसची मर्यादा जागच्या जागी बदलणारी ‘पीआरलिमिट’ नावाची कमांडही आहे, आणि इतर अनेक प्रोग्रॅमच्या बाबतीत ती संकटकाळी उपयोगी पडते. सांबाच्या बाबतीत तिच्यावर भिस्त ठेवू नये. सांबा आपली गणती सुरुवातीलाच ठरवून ठेवतो; त्यामुळे कर्नलची मर्यादा नंतर वाढवली तरी चालू जोडणीला तिचा लाभ होत नाही.

आकडा किती वाढवावा, याबाबत संयम हवा. ‘अमर्याद’ लिहून मोकळे होण्याचा मोह टाळावा. एका प्रोसेसला देता येणाऱ्या मर्यादेवर कर्नलचे स्वतःचे बंधन असते, ते ‘एनआर_ओपन’ या नावाने ओळखले जाते आणि कर्नलमधील त्याचे मूळ मूल्य १०,४८,५७६ आहे. लिमिट्स.कॉन्फमध्ये याहून मोठा आकडा लिहिला तर लॉगिनच्या वेळी तो लागू करता येत नाही आणि लॉगिनच नाकारले जाऊ शकते. म्हणून त्या फाइलीत बदल करताना रूटचे एक सत्र उघडे ठेवूनच दुसऱ्या खिडकीत नवे लॉगिन करून पाहावे. शिवाय काही जुने प्रोग्रॅम सुरू होताना शून्यापासून मर्यादेपर्यंतचे सगळे डिस्क्रिप्टर एकेक करून बंद करत बसतात. मर्यादा काही हजारांची असेल तर हे क्षणात होते; ती शंभर कोटींच्या घरात असेल तर प्रोसेसर त्यातच गुंतून पडतो. २०२० मधल्या लिनक्स ५.९ मध्ये हे काम एका फटक्यात करणारी सोय आली आहे, पण प्रत्येक जुना प्रोग्रॅम ती वापरतोच असे नाही.

एक सापळा मात्र वेगळा सांगायला हवा, कारण त्यात संदेश तोच असतो आणि कारण निराळे असते. फोल्डरात काही बदल झाला की ते लगेच कळावे यासाठी कर्नलमध्ये आयनोटिफाय ही व्यवस्था आहे, आणि तिच्याही दोन मर्यादा आहेत. एक वापरकर्ता किती आयनोटिफाय उघडू शकतो, याची मर्यादा सहसा १२८ असते. ती भरली तरी ‘टू मेनी ओपन फाइल्स’ हाच संदेश येतो. किती फोल्डरांवर नजर ठेवता येते याची दुसरी मर्यादा जुन्या कर्नलमध्ये ८१९२ होती, आणि ती भरली की ‘डिस्कवर जागा नाही’ असा संदेश येतो, जो पाहून माणसे नाहक फाइली पुसत बसतात. ५.११ पासूनची कर्नले ही दुसरी मर्यादा मेमरीच्या प्रमाणात वाढवतात. तेव्हा ‘एफडी’ फोल्डरातली संख्या मर्यादेच्या आसपासही नसताना त्रुटी येत असेल, तर लॉगमध्ये आयनोटिफायचा उल्लेख शोधावा आणि ‘एफएस.आयनोटिफाय’ ने सुरू होणारी मूल्ये ‘सिससीटीएल’ या कमांडने पाहावीत. सिंकथिंगसारखे फोल्डर जुळवून ठेवणारे प्रोग्रॅम त्याच यंत्रावर चालत असतील तर हा संशय आधी घ्यावा.

टॉरेंटच्या प्रोग्रॅमनाही हीच त्रुटी येते, पण तेथे डिस्क्रिप्टर मुख्यतः नेटवर्कच्या जोडण्यांत खर्च होतात. तेथे मर्यादा वाढवण्यापेक्षा प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये एकूण जोडण्यांची संख्या कमी करणे बहुधा पुरेसे ठरते.

दुरुस्तीनंतर सेवेचा आकडा वाढला की नाही, हे टर्मिनलच्या यूलिमिटवरून ठरवू नये. संगणक पुन्हा जोडला गेल्यावर त्याच्या एसएमबीडीला नवा प्रोसेस क्रमांक मिळालेला असतो. तो घेऊन ‘/प्रॉक’ मधली लिमिट्सची ओळ पुन्हा वाचावी. मग दिवसातून काही वेळा, विशेषतः कामाच्या गर्दीत आणि रात्री सगळे गेल्यावर, प्रत्येक एसएमबीडीची उघड्या फाइलींची संख्या क्रॉनच्या (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या सोयीच्या) साहाय्याने एका फाइलीत नोंदवत जावी. संख्या दुपारी चढून संध्याकाळी उतरत असेल तर ती कामाची खरी गरज आहे आणि नवा आकडा तिला पुरतो की नाही एवढेच पाहायचे. एखादा संगणक रात्रंदिवस चालू ठेवलेला असेल, त्यावर कुणी काम करत नसेल आणि तरीही त्याच्या जोडणीची संख्या रोज थोडी थोडी चढतच असेल, तर त्या संगणकावरचा एखादा प्रोग्रॅम किंवा सांबाची ती आवृत्ती फाइली उघडून बंद करायला विसरते आहे. तेथे मर्यादा दुप्पट केली तर त्रुटी दुप्पट दिवसांनी येईल. अशा वेळी ‘एफडी’ च्या यादीत कोणत्या फाइली वाढत आहेत ते पाहून त्या उघडणारा प्रोग्रॅम शोधावा, सांबा अद्ययावत करावा, आणि तोवर त्या एका संगणकाची जोडणी रोज रात्री तोडण्याची व्यवस्था करून ठेवावी.